थांब, ठोका हाय

थांबमावशीला फोन करायचा असेल तर आधी घरातली भांडणं उरकून घ्यावीत. कारण मावशी फोन कापत नाही. बोलणं संपलं, ‘बरं मावशी, ठेवते’ म्हणून झालं, की लाल बटण समोरच्यानेच दाबायचं. तो विसरला तर मावशीचा फोन तिच्या ओट्यावर, तांदळाच्या डब्याला टेकून, चालूच राहतो. तोही स्पीकरवर, कारण तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

आमच्या घरातला दोडका असाच बाहेर फुटला. वर्षाने, म्हणजे माझ्या बायकोने, कोथिंबीर आहे का विचारायला मावशीला फोन केला आणि तो तसाच फ्रिजवर ठेवून दिला. मी जेवायला बसलो. पानात दोडका होता. मग मी दोडक्याबद्दल, वर्षाच्या माहेरच्या एकूण भाज्यांबद्दल आणि ओघाने माझ्या मेहुण्याबद्दल वीसेक मिनिटं बोललो. दुसऱ्या दिवशी मावशीने मला जिन्यात गाठलं.

“दोरका नको तं नको खाऊ,” ती म्हणाली. “पन मेव्हन्याचा काय दोष?”

“मावशी, तुम्ही ऐकत होतात?”

“मी कनाला ऐकू? तुमी सांगत व्हता.”

मावशी बारवी धरणाकडच्या गावातली, आगरी. तिच्या तोंडी ‘ड’चा ‘र’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘कशाला’चं ‘कनाला’. ‘तुम्ही’ हा शब्द ती एकापेक्षा जास्त माणसं असली तरच वापरते. एकट्याला ‘तू’, मग तो मी असो, सोसायटीचा चेअरमन असो, की डॉक्टर. खरं नाव हिराबाई. पण अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीत या नावाने तिला फक्त लाइट बिल ओळखतं.

‘थांब’ हे नाव तिला तिच्या बोलण्यावरून पडलं. कुणी काही कापायला, तोडायला, बंद करायला किंवा संपवायला निघालं की मावशी दोन बोटं वर करते आणि म्हणते, “थांब, ठोका हाय.” सोसायटीच्या आवारातला वठलेला शेवगा तोडायला माणसं आली, तेव्हा मावशी खोडाला दोन बोटं लावून उभी राहिली. माणसं चहा पिऊन परत गेली. शेवग्याला पुढच्या वर्षी तीन शेंगा आल्या आणि त्या तिन्ही मावशीने चेअरमनच्या घरी पाठवल्या. एकदा सभेत वॉचमनला काढायचा ठराव आला. मी सेक्रेटरी, ठराव मीच लिहिलेला. मावशी मागच्या खुर्चीवरून म्हणाली, “थांब, ठोका हाय.” वॉचमन अजून आहे. अजून झोपतो.

मला या प्रकाराचा मनापासून वैताग यायचा. मी चौतीस वर्षं एका केमिकल कंपनीत स्टोअर्स ऑफिसर होतो. आलेला माल उतरवा, नोंदवा, पुढे पाठवा, यात माझं आयुष्य गेलं. समोरच्याचा ‘अच्छा’ पुरा व्हायच्या आत मी फोन कापतो. वर्षा म्हणते, लग्नातही मी शेवटच्या मंगलाष्टकाआधीच हार घालायला निघालो होतो. तेव्हा मावशीच्या आणि माझ्या जन्मवेळेत काहीतरी मूलभूत फरक असणार.

जन्मवेळेवरून आठवलं. हा ‘ठोका’ मुळात झाडाचा किंवा वॉचमनचा नाही. तो नाळेचा. मावशीची सासू गावची सुईण. मावशी लग्न होऊन गेली तेव्हापासून तिच्या हाताखाली शिकली. सासूचा नियम एकच. मूल बाहेर आलं, रडलं, की त्याला आईच्या पोटाशी ठेवायचं आणि नाळ दोन बोटांत धरायची. नाळेत ठोका लागतो, आपल्या मनगटात लागतो तसाच. तो लागतोय तोवर कापायची नाही.

“पोराचा हक्काचा रगत वारेत असतं,” मावशी समजावून सांगते. “आय त्याला देत असते. तिचा देऊन व्हायच्या आधी कापशील तं पोराच्या वाट्याचा मागंच रायला. थांबायचं. नाल पांढरी परली, मऊ परली, ठोका गेला, मंग काप.”

“आणि मूल रडलंच नाही तर?” मी एकदा तिला कोंडीत पकडायला विचारलं.

“मंग कनाला थांबतंस? निला पोर हातान घेऊन ठोके मोजतंस काय? लगेच कापायची नि त्याला वारा द्यायचा.” आणि वर माझ्याकडे बघत, “थांबायचा कवा, ते पन समजाव लागतं.”

पुढे नवऱ्याला अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून मावशी इकडे आली आणि उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका सिंधी डॉक्टरीणबाईंच्या नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागली. तिथे तीस वर्षं काढली. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं, मावशीला सिंधी येत नव्हतं. पण सिंधीत ‘आहे’ला ‘आहे’च म्हणतात. या एका शब्दावर दोघींचा तीस वर्षं कारभार चालला.

अडचण एकच होती. त्या काळी दवाखान्यांची रीत अशी, की मूल बाहेर आलं की लगेच चिमटा लावायचा आणि कापून मोकळं व्हायचं. आणि डॉक्टरीणबाई माझ्यासारख्या, घाईच्या. आयाने डॉक्टरला ‘थांब’ म्हणायची सोय नव्हती. मावशीने मग दुसरा मार्ग काढला. तिला कात्री सापडेनाशी झाली.

“अदी, कैंची किथे आहे?” डॉक्टरीणबाई ओरडायच्या. अदी म्हणजे ताई.

“आहे बाई, आहे,” म्हणत मावशी शोधायची. ट्रेमध्ये शोधायची, उकळत्या भांड्यात शोधायची, पदर झटकून बघायची. एक बोट तेवढं नाळेवर. ठोका थांबला की कात्री सापडायची. मूल निळं असलं की मात्र ती पहिल्या हाकेला हातात असायची. तीस वर्षं नर्सिंग होममध्ये मावशीची ख्याती अशी, की बाई हाताला फार चांगली, पण वेंधळी.

मावशी निवृत्त झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला साडी दिली आणि चकचकीत कागदात गुंडाळलेली एक लांबट वस्तू. उघडून बघते तर ती जुनी कात्री. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अदी, कैंची हिते आहे.” मावशी सांगते, “तिला पयल्यापासून म्हाईत व्हता गो. पन बोलली नाय.” ती कात्री मावशीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. तिने दुधाची पिशवीसुद्धा कापत नाहीत.

कापण्याइतकंच मावशीचं लक्ष पुरण्याकडे असतं. मुलाच्या बेंबीला राहिलेला नाळेचा तुकडा आठवड्याभरात वाळून पडतो, तो मातीत पुरायचा. जिथे नाळ पुरली तिथे माणसाचा ओढा राहतो. आपणही एखाद्याला म्हणतोच, सारखा तिकडे काय पळतोस, तुझी काय नाळ पुरलीय तिथे? पण फ्लॅटमध्ये पुरणार कुठे? म्हणून मावशीने इमारतभर कुंड्या वाटल्या. आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नाळ गॅलरीतल्या कुठल्या ना कुठल्या कुंडीत आहे. मावशी स्वतः या सोयीवर फारशी खूश नाही. ती म्हणते, “म्हनून पोरा टिकत नाय आता. कुंडी उचलली का चालली बदलापूरला.”

यातून एकदा घोटाळाही झाला. तिसऱ्या मजल्यावर अकोल्याचा एक तरुण इंजिनिअर नवीन राहायला आला होता. त्याला मुलगा झाला. मावशीने त्याला जिन्यात गाठून बजावलं, “दाराशी नाल ठेव. पोर लांब जानार नाय.” दहा दिवसांनी मावशी बाळंतिणीला बघायला गेली तर दाराच्या चौकटीवर घोड्याची लोखंडी नाल ठोकलेली. खास शोधून आणली होती बिचाऱ्याने, अर्धा दिवस रजा टाकून.

मावशी बराच वेळ चौकटीकडे बघत राहिली. “तुझे घरान घोरी व्याली काय?”

“मावशी, तुम्हीच तं म्हटलं होतं ना जी,” तो म्हणाला.

खरी नाळ तोवर कचऱ्यात गेली होती. मावशी त्या दिवशी जेवली नाही. आम्ही सगळे हसून हसून दमलो होतो, आणि ही बाई जेवली नाही म्हटल्यावर मला ते जरा अतीच वाटलं.

मावशीच्या स्वतःच्या गॅलरीत आठ-दहा कुंड्या आहेत. कढीपत्ता, गवती चहा, ओवा, तुळस. आणि कोपऱ्यात एक मोठी मातीची कुंडी, नुसत्या काळ्या मातीने भरलेली. तिच्यात काहीच नाही. मावशी रोज सकाळी तिलाही तांब्याभर पाणी घालते. मी एकदा चिडवलं होतं, “मावशी, हिच्यातही ठोका हाय का?” तिने उत्तर दिलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी डाव्या बाजूला उभा होतो.

आमची केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मावशीचा मुक्काम आमच्याकडे हलला. सातव्या महिन्यापासून तिने माझ्यामागे एकच धोशा लावला, की डॉक्टरला विचार, नाळ कवा कापतंस. बदलापूरला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं होतं. एवढ्या गर्दीत, वजनाच्या काट्याशेजारी उभं राहून, बासष्ट वर्षांच्या माणसाने हे विचारायचं कसं? तीन खेपा मी न विचारता परत आलो आणि तिन्ही वेळा मावशीला खोटं सांगितलं की डॉक्टर बाहेर गेल्या होत्या. चौथ्या वेळी डॉक्टरच म्हणाल्या, “काका, तुम्हाला काही विचारायचंय का? तुम्ही दर वेळी घुटमळता.”

मी म्हणालो, “कात्रीबद्दल होतं.”

त्यांना कळेना. मग मी मावशीची सगळी हकिगत सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बरोबर सांगतात त्या. बाळ ठणठणीत असेल तर आम्हीही आता लगेच कापत नाही. मिनिटभर तरी थांबतो, कधी जास्तही. बाळाला मदत लागली तर मात्र नाही थांबत. हेच शिकवतात आता.”

मी हे मावशीला सांगितलं, तेव्हा ती लसूण सोलत होती. “बुकात आला?” तिने विचारलं.

“आला.”

“उशीर केला बुकानी,” ती म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. पण त्या संध्याकाळी तिने पूर्ण इमारतीला तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं वाटली. कारण विचारलं तर म्हणाली, पीठ जास्त झालं होतं.

केतकीला मुलगा झाला. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, “काका, थांबलो बरं का. मावशींना सांगा.” मी लगेच फोन लावला.

“मावशी, मुलगा. थांबले ते. दीड मिनिट.”

“ठोका गेलता काय?”

“ते मी विचारलं नाही.”

“मंग काय इचारलंस?”

“वजन.”

“वजन काय पलून जातं काय?” मावशी म्हणाली. नंतर काहीच बोलली नाही. मी सवयीने फोन कापायला गेलो आणि पलीकडून तिचा श्वास ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा मी थोडा थांबलो.

आठव्या दिवशी नाळ पडली. तो रविवार होता. वर्षाने ती कापसात ठेवून मला सांगितलं, मावशीकडून एक कुंडी आणा. मी पाचच मिनिटांत येतो म्हणून वर गेलो. दुपारचे पावणेतीन झाले होते. मावशीचं दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं. ती गॅलरीत स्टुलावर बसली होती, मांडीवर फोन.

“कुंडी पाहिजे,” मी म्हणालो. “ही कोपऱ्यातली रिकामीच आहे, हीच नेतो.” आणि वाकून तिला हात घातला.

“नको,” मावशी म्हणाली.

‘थांब’ नव्हे, ‘नको’. तिने आपला हात मातीवर असा पालथा ठेवला, की माझा हात आपोआप मागे आला.

“रिकामी नाय ती,” ती म्हणाली. “वंदनाची हाय.”

मावशीला एक मुलगी आहे आणि ती सासरी असते, एवढंच मला ठाऊक होतं. आम्ही या इमारतीत आलो त्याला आठ वर्षं झाली. आठ वर्षांत ती मुलगी मी कधी पाहिली नव्हती, आणि तसं का, हे विचारण्याइतका वेळ मला मिळाला नव्हता.

मावशीने मग सांगितलं. वंदना गावच्या घरी झाली. सासूने वार पडेपर्यंत नाळ कापली नाही, इतकी थांबली. परसात पुरली. पुढे धरणाचं पाणी वर येणार म्हणून गावाला उठावं लागलं, तेव्हा सगळे भांडी आणि कौलं काढत होते आणि मावशी इथून जाऊन परस खणत होती. ती माती या कुंडीत आहे. पण माती आणली तेव्हा वंदना आधीच घर सोडून गेलेली होती. कॅम्प पाचमधल्याच एका फर्निचरवाल्या सिंधी मुलाशी तिने लग्न ठरवलं आणि ते मावशीला दुसऱ्याकडून कळलं.

“तो सिंधी, त्याचा नाय वाटला मना,” मावशी म्हणाली. “तीस वर्सा त्यांचीच पोरा काडली या हातांनी. मना सांगतला नाय, त्याचा वाटला. ती त्या दारान उभी रायली नि बोलली, आये, थांब, ऐकून घे. मी नाय थांबली. बोलली, तुझी माझी नाल तुटली. नि दार लावला.”

तिने कुंडीवरचा हात काढला नाही.

“बारा वर्सा झाली. सगल्यांना सांगतं थांब, थांब. माझे पोरीला येक मिनिट नाय दिला.”

उल्हासनगर अंबरनाथपासून एक स्टेशन. मी म्हणालो, “मावशी, मग जा ना. मी येतो बरोबर. रिक्षाने अर्धा तास.”

“कंच्या तोंडानी जाऊ?” ती म्हणाली. मग मांडीवरचा फोन दाखवत, “फोन करतं.”

“वंदनाला? काय म्हणते?”

“काय नाय बोलत.”

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी मावशी वर्षाला फोन लावत होती. यादीत वर्षाच्या वरच वंदना. चष्मा नव्हता, बोट घसरलं. पलीकडून “हॅलो” आलं आणि मावशीने आवाज ओळखला. तिच्या तोंडून शब्द फुटेना. पलीकडेही नंबर ओळखला असणार, कारण दुसरं “हॅलो” आलं नाही. दोघी गप्प. मावशी वाट बघत राहिली की आता ही कापेल. वंदनाने कापला नाही. मावशी तर कापतच नाही. शेवटी बॅटरी संपली. तेव्हापासून दर रविवारी तीन वाजता मावशी फोन लावते, पलीकडे उचलला जातो, आणि कुणीही बोलत नाही. कुकरच्या शिट्ट्या येतात. टीव्ही येतो. कुणीतरी फर्निचरबद्दल सिंधीत बोलतं.

“येक पोरगी हाय,” मावशी म्हणाली. “माझी नात. आवाज येतं तिचा. नाव नाय म्हाईत मना.”

“नाव माहीत नाही?”

“घरान सगली तिला बेबी बोलतात.”

तीन वाजले. मावशीने फोन लावला आणि मला खुणेने बस म्हणाली. मी ओव्याच्या कुंडीशेजारी जमिनीवर बसलो. दोन रिंग झाल्या आणि उचलला गेला. पंख्याचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा आला. मावशीने फोन डाव्या तळहातावर घेतला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या पाठीवर ठेवली. ती तसं का करते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग अगदी जवळून, कुणीतरी मुद्दाम फोनपाशी आणून बसवावं तसा, एका लहान मुलीचा आवाज आला. “बे एके बे. बे दुणे चार.”

“इंग्लिश साळेत जातं,” मावशी माझ्या कानाशी वाकून कुजबुजली. “पन रविवारी तीनला हेच.”

आपली लेक रविवारी तीनच्या ठोक्याला मराठी पाढे का म्हणवून घेते, हे मावशीला कळलं होतं की नाही कोण जाणे. मला कळलं. मी कढीपत्त्याकडे बघत बसलो.

“बे त्रिक सहा. बे चोक आठ. बे पंचे दहा. बे सक बारा.” मुलगी भराभर चालली होती, माझ्यासारखी घाईची. “बे साते...” आणि अडकली. “बे साते... बे साते...”

“चौदा,” मावशी म्हणाली.

ती ठरवून बोलली नव्हती. तिने लगेच तोंडावर पदर धरला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू कात्री या वेळी खरोखरच हरवलीय. पलीकडे सगळं बंद झालं. भांडी नाहीत, टीव्ही नाही. पंखा तेवढा फिरत होता. मी स्क्रीनकडे बघत होतो. फोन कापलेला नव्हता.

“मम्मी,” मुलगी म्हणाली, “कोण आहे?”

मावशीची दोन बोटं फोनच्या पाठीवर दाबली गेली. पलीकडच्या बाईला उत्तर द्यायला फार वेळ लागला. दीड मिनिट नसेल, पण मला तसंच वाटलं. मग एक घोगरा आवाज आला.

“आजी आहे,” तो म्हणाला. “पुढं म्हण.”

“बे आठे सोळा,” मुलगी म्हणाली.

मी उठलो. कुंडी न घेताच निघालो. दार तसंच लोटलेलं ठेवलं, ओढून घेतलं नाही. कडीचा आवाज झाला असता.